त्याच डोंगरावर दरवर्षी

परीक्षा संपल्या की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घराघरांत सुट्टीचे बेत सुरू होतात आणि त्यातले बरेचसे शेवटी माथेरानवर येऊन टेकतात. कारणे उघड आहेत. कर्जत लोकल पकडली की बदलापूरनंतरचे तिसरे स्थानक नेरळ. तिथून मिनी ट्रेन मिळाली तर उत्तम, नाहीतर शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका गाठायचा आणि पुढे पायी. महिनाभर आधीच्या आरक्षणाची यातायात नाही, दोन मुक्काम मध्यमवर्गीय खिशाला झेपतात, आणि वर्षानुवर्षे जाणाऱ्यांची खोली ठरलेली असते, घरगुती जेवणाची जागाही ठरलेली असते. मात्र फिरणेही तितकेच ठरून गेलेले असते. पहिल्या संध्याकाळी सनसेट पॉइंट, दुसऱ्या दिवशी घोड्यावरून सात-आठ पॉइंट, बाजारातून चिक्की आणि चपला, की परतीची लोकल. चौथ्या-पाचव्या वर्षी घरातूनच सूर निघतो की तिथे आता पाहायचे काय राहिले, यंदा दुसरीकडे जाऊ. मग कोणीतरी मोबाइलवर फारसे कुणाला ठाऊक नसलेले धबधबे आणि पठारे शोधू लागते. या शोधाची दिशा मला चुकीची वाटते. दरवर्षी एकाच डोंगरावर परतणाऱ्या कुटुंबाकडे जी सलगता असते, ती एकदाच येऊन जाणाऱ्या प्रवाशाला कितीही पैसे मोजून मिळत नाही. डोंगराच्या कमी माहीत असलेल्या गोष्टी याच सलगतेला दिसतात. त्यासाठी नवा डोंगर लागत नाही. आपण दरवर्षी पहिल्यांदाच आल्यासारखे वागतो, ते सोडावे लागते.

पॉइंटांची ही यादी आली कुठून, ते आधी पाहू. मे १८५० मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढले आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या पाठबळाने इथे इंग्रजांचे थंड हवेचे ठिकाण वसले. ठाकूर, कातकरी, धनगर यांचा वावर या डोंगरावर त्याच्या कितीतरी आधीपासून होता. तरी कड्यांना नावे पडली ती लुइझा, अलेक्झांडर, गार्बट, पॉर्क्युपाइन, किंग जॉर्ज अशी. मुंबईच्या उकाड्यातून सुटून आलेल्या साहेबाला कड्याच्या टोकावर उभे राहून खालचा मुलूख न्याहाळायचा होता; त्या हौसेतून ही टोके ठरली. पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी घोडेवाल्यांचे दरपत्रक त्याच टोकांवरून फिरते. एका दिवसासाठी आलेल्याला ते सोयीचे आहे, यात वाद नाही. पण त्यामुळे अख्खा डोंगर एक ओसरी होऊन बसतो. ओसरीवर बसायचे, बाहेर पाहायचे, आणि घरात काय आहे ते विचारायचे नाही. लाल जांभ्याची माती, तिच्याखालचा काळा बेसाल्ट, दुपारीही उन्हाला आत येऊ न देणारे जंगल, त्यातून वर येणाऱ्या वाटा आणि त्या वाटांनी रोज ये-जा करणारी माणसे ही सगळी त्या घराच्या आतली हकिगत आहे. तिची दखल घेणारे पाहुणे पूर्वी होते. १८७१ साली जे. वाय. स्मिथ यांनी माथेरानवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याच्या नावातच त्यांनी इथली माणसे, वनस्पती आणि प्राणी यांचा उल्लेख केला. त्या वेळी मिनी ट्रेन सुरू व्हायला अजून ३६ वर्षे होती. आज पोचणे कितीतरी सोपे झाले आहे आणि आपली चौकशी मात्र पॉइंटांवर येऊन थांबली आहे.

सलगतेचा सर्वांत भक्कम पुरावा कारवीचा आहे. सह्याद्रीच्या उतारांवर दाटीने वाढणारे हे झुडूप सात वर्षे नुसते वाढते, आठव्या वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात जांभळ्या-निळ्या फुलांनी लहडते, बी धरते आणि मरते. पुन्हा नव्या रोपांपासून तीच गणती सुरू होते. सगळ्या सह्याद्रीत हा बहर एकाच वर्षी येत नाही; एका डोंगराचे वर्ष शेजारच्या डोंगराला लागू पडेलच असे नाही. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ साली कारवी फुलली, हे लोकांनी नोंदून ठेवले म्हणून आज सांगता येते. एकदाच येणाऱ्या प्रवाशाला बहर दिसला तर तो नशिबाचा भाग. पण दरवर्षी त्याच वाटेने जाणाऱ्या कुटुंबाला यंदा कारवी गुडघ्याएवढी आहे, पुढच्या खेपेला कमरेला लागते, मग डोक्यावर गेली, असे तिचे वय वाचता येते. पाचवीतल्या मुलाने पाहिलेले रोप त्याच मुलाच्या बारावीच्या सुमारास फुलते. कारवीच्या काठ्यांचे कुड बांधून त्यावर शेणमाती लिंपायची, ही डोंगरपायथ्याच्या आदिवासी घरांची जुनी रीत; म्हणजे झुडपाची ओळख करून घेताना घरांचीही होते. असा कार्यक्रम कुठल्याही सहल कंपनीला विकता येणार नाही, कारण तो पुरा व्हायला आठ वर्षे लागतात.

बहराची वाट पाहायची तयारी नसेल त्यांनाही महिना बदलता येतो. आपली बहुतेक कुटुंबे मेमध्ये जातात, फार तर दिवाळीत. हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे आणि वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलतो. अशा ठिकाणी फेब्रुवारी, जुलै आणि ऑक्टोबर हे जणू तीन निराळे मुलूख असतात. उन्हाळा तोंडावर येतो तेव्हा अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी भरतात. पाऊस लागला की पहाटे शीळकरी कस्तुर गाऊ लागतो. माणसानेच रमत-गमत शीळ घालावी असा त्याचा आवाज असतो आणि तो ऐकायला खोलीच्या दारात बसणे पुरते. पावसानंतर सोनकी आणि तेरडा. नेरळहून वर येणारी गाडी जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते, पण दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंतची शटल त्या काळातही शक्य तेव्हा धावते. मेच्या गर्दीच्या मानाने खोलीचे भाडे तेव्हा कमी असते, बाजारातल्या माणसांना बोलायला सवड असते आणि घोड्यांनी उडवलेली लाल धूळ बसलेली असते. शाळांच्या सुट्ट्यांमुळे हे सर्वांना जमणार नाही, हे खरे. तरीही ज्यांची मुले मोठी झाली आहेत, जे निवृत्त आहेत, ज्यांचे कारखाने आणि दुकाने आठवड्याच्या मधल्या वारी बंद असतात, अशी कुटुंबे आपल्या तिन्ही गावांत हजारोंनी आहेत.

दुसरी गोष्ट माणसांची, आणि इथे आपल्या भागाचा माथेरानशी असलेला संबंध नुसत्या सहलीपुरता राहत नाही. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्येच एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. ते शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी त्यांनी धान्यकोठारे काढली, स्वयंसेवी शाळा चालवल्या. १९४२च्या आंदोलनात त्यांनी 'आझाद दस्ता' उभा केला आणि या पथकाने मुंबईकडे वीज वाहून नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. मुंबई परिसरातल्या गिरण्या आणि रेल्वे त्या विजेवर चालत होत्या. डोंगरातल्या मूठभर तरुणांनी इंग्रजी राजवटीच्या युद्धयंत्रणेवर तिथे घाव घातला. २ जानेवारी १९४३च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर त्यांना मानवंदना दिली जाते आणि माथेरानमध्येही त्यांचे स्मारक आहे. तरी लुइझा पॉइंट पाचदा पाहिलेल्या किती मुलांना हे नाव माहीत असते? या डोंगरात जन्मलेला एक माणूस खालच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांसाठी आणि देशासाठी तिशी-एकतिशीत मेला, ही हकिगत सांगायला घोडा लागत नाही की तिकीट लागत नाही. एका वर्षीच्या मुक्कामात स्मारक, पुढच्या थंडीत सिद्धगडचा पायथा, त्याच्या पुढे कर्जत तालुक्यातली त्यांची कार्यभूमी, असे करत गेले तर तीन वर्षांत एक चरित्र पायाखालून जाते. वीर भाई कोतवालांचे नाव कड्यांच्या यादीत नाही, म्हणून ते आपल्या सहलीत नाही, एवढेच त्याचे कारण आहे, आणि ते मला अतिशय खटकते.

तिसरी गोष्ट पाण्याची. माथेरानच्या पठारावर चालताना आपण एक पाणलोट ओलांडत असतो. पश्चिमेच्या बाजूचे पाणी गाढी नदीतून पनवेलच्या खाडीकडे जाते. पूर्वेकडच्या उतारांचे उल्हास नदीला मिळते, आणि उल्हास मग नेरळ, वांगणी, बदलापूर करत आपल्या दाराशी येते. बदलापूरच्या बंधाऱ्यावर उचललेले तिचे पाणी आपल्या परिसराच्या नळांना येते. तिच्यात आणखीही एक पाणी मिसळलेले आहे. ठोकरवाडी धरणात अडवलेले आंध्रा नदीचे पाणी खरे तर इंद्रायणी आणि भीमेतून बंगालच्या उपसागराला जायचे. टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रासाठी ते १९२२च्या सुमारास घाटाखाली वळवले गेले आणि वीज करून झाल्यावर ते उल्हासात सोडले जाते. भर मेमध्येही नदीत पाणी राहते, त्याला हे मोठे कारण आहे. आणि आपण ज्याला उंचावरचे, वेगळ्या जगातले गाव समजतो त्या माथेरानलाही शार्लट तलाव पुरत नाही. नेरळजवळ याच उल्हास नदीतून उचललेले पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवले जाते. म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प २ मधल्या घरातला माणूस सुट्टीतही आपल्याच नदीचे पाणी पितो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, तेव्हा त्या पुराचा एक भाग याच उतारांवरून आलेला होता. डोंगरावरची झाडे किती टिकली, पठारावरच्या वाटा किती खचल्या, ओहोळांची तोंडे कचऱ्याने किती बुजली, याचा हिशेब शेवटी बदलापूरच्या तळमजल्यांवर लागतो. जो माणूस दरवर्षी वर जातो, त्याने या ओहोळांची ओळख ठेवली तर तो नुसता पर्यटक राहत नाही. नदीकाठच्या गावाचा जबाबदार रहिवासी म्हणून डोंगरावर जातो. पॅनोरमा पॉइंटवरूनसुद्धा हे पाहता येते. उत्तरेकडे पेब, मग चंदेरी, ताहुली आणि टोकाला मलंगगड अशी ही एकच रांग आहे, आणि तिचे शेवटचे टोक आकाश स्वच्छ असेल तर आपल्या गच्चीवरून दिसते.

हे फक्त माथेरानबाबत खरे आहे असे नाही. महाबळेश्वरला वर्षानुवर्षे जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असते, की १८३०च्या दशकात तिथे चिनी आणि मलय कैद्यांचा तुरुंग उभारला गेला आणि त्या कैद्यांनी बटाट्याची आणि भाज्यांची लागवड वाढवली? पाचगणीजवळचे भिलार २०१७ पासून पुस्तकांचे गाव आहे. घराघरांत मांडलेली मराठी पुस्तके कोणीही बसून वाचू शकते, आणि एका सुट्टीत ती संपत नाहीत. महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून मान मिळाला. सर्वांत बोलके उदाहरण आंबोलीचे. हजारो लोक धबधब्याखाली भिजून परत जात होते त्याच आंबोलीत पाहत राहणाऱ्यांनी एका चिमुकल्या भेकाची नवी जात ओळखली आणि २००९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले. पुढे हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी मंदिराच्या कुंडात माशाची नवी जात सापडली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. कुंड सर्वांना ठाऊक होते, देऊळ सर्वांना ठाऊक होते, मासा मात्र कोणी नीट पाहिला नव्हता. नवे सापडले ते अतिशय ओळखीच्या जागी, आणि पुन्हा पुन्हा येऊन पाहणाऱ्यांना.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. कमी माहीत असलेल्या गोष्टींची अशी जाहीर चर्चा करणे म्हणजेच त्यांचा नाश ओढवून घेणे नव्हे काय? बदलापूरजवळच्या कोंडेश्वरचे काय झाले ते आपण पाहिले आहे. शांत शिवस्थान आणि कुंड असलेली जागा पावसाळी गर्दीचा अड्डा झाली, तिथे तरुण मुले बुडाली, आणि अनेक पावसाळ्यांत प्रशासनाला बंदी घालावी लागली. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. भंडारदरा परिसरातले काजवे पाहायला मे-जूनमध्ये एवढी वाहने येऊ लागली की वन खात्याला वेळेचे आणि वाहनांचे निर्बंध आणावे लागले; ज्या अंधारात काजव्यांची जोडी जमते तो अंधारच दिव्यांनी पुसला जात होता. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, आणि म्हणूनच नव्या जागांची यादी या लेखात नाही. अनोळखी जागा एकदा उघड झाली की ती वापरून संपते, कारण तिचे आकर्षण फक्त ती कोणाला माहीत नसण्यात असते. आठ वर्षांची कारवी, भाई कोतवालांचे चरित्र, उल्हासचा पाणलोट किंवा कस्तुराची शीळ हजार लोकांना माहीत झाली म्हणून कमी होत नाही. उलट जितक्या अधिक लोकांना ती कळेल तितके राखणदार वाढतील. काजव्यांच्या बाबतीतही गर्दी एका प्रसिद्ध झाडाकडे धावल्याने नुकसान झाले. आपल्या मुक्कामाच्या आवारात दिवा मालवून बसलेल्या कुटुंबाने काही बिघडवलेले नाही.

दुसरा आक्षेप थकलेल्या माणसाचा आहे आणि त्याला हसण्यावारी नेता येत नाही. सकाळी खचाखच लोकल, रात्री तीच, दिवसभर उभ्याचे काम. अशा माणसाने वर्षातून दोन दिवस काढले तर त्याने निवांत पडून राहावे, त्याच्या गळ्यात अभ्यास कशाला बांधायचा? मलाही विश्रांतीचाच कैवार घ्यायचा आहे. पण आजची पॉइंटांची फेरी विश्रांती देते का, हे तपासून पाहावे. दस्तुरीची रांग, घोड्याच्या दराची घासाघीस, प्रत्येक टोकावर फोटोसाठी धक्काबुक्की, दिवसाकाठी आठ ठिकाणे उरकण्याची घाई. नोकरीची सगळी धावपळ माणूस डोंगरावर घेऊन जातो. एका झाडाखाली तास-दोन तास बसून कोण पक्षी येतो ते पाहणे, करसनदास मुळजींच्या नावाच्या नगरपालिका वाचनालयात दुपार घालवणे, पिसारनाथाच्या देवळाशेजारी तलावाकाठी बसून म्हाताऱ्या घोडेवाल्याकडून पूर्वीचे पावसाळे ऐकणे यात अंगाला कष्ट काहीच नाहीत. आजी-आजोबांना हेच झेपते. तीव्र चढाच्या पायवाटा त्यांच्यासाठी नाहीत, पण मिनी ट्रेन तर आहे. दोन फूट रुंदीच्या रुळांवरची ही गाडी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीतून १९०७ मध्ये सुरू झाली. २००५च्या आणि २०१९च्या पावसात मार्ग वाहून गेल्यावर दोन्ही वेळा तो पुन्हा बांधावा लागला. दुसऱ्या वेळी नेरळपासूनची पूर्ण सेवा परतायला २०२२ उजाडले. एवढ्या तीव्र चढाचा घाट गाडीने चढवायचा म्हणजे किती वळणे आणि किती मोऱ्या लागतात, हे खिडकीतून पाहत जाणे स्वतःच एक दिवसाचा कार्यक्रम आहे. ती केवळ पोचण्याची सोय मानल्यामुळे आपण तो दवडतो.

तिसरा आक्षेप पोटाचा. पॉइंटांच्या फेरीवर साडेचारशेच्या आसपास घोडे आणि त्यांची घरे जगतात. सरबतवाले, मक्याच्या कणसांचे स्टॉल, हमाल वेगळे. सगळ्यांनी घोडा सोडून झाडाखाली बसायचे ठरवले तर या माणसांनी काय करायचे? मात्र माथेरानची रोजगाराची घडी आत्ताही बदलतेच आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला आणि मोटारींची बंदी कायम राहिली. त्यामुळे माणसे ओढण्याचे काम माणसांवर आणि जनावरांवर राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून चालकांचे ई-रिक्षांवर पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे थांबते आहे, ही आनंदाचीच बातमी आहे. पण पुनर्वसन म्हणजे फक्त वेगळे वाहन, एवढाच विचार झाला तर संधी हुकेल. पन्नास वर्षे या वाटा तुडवलेल्या माणसाला झाड कधी फुलते, माकडे कुठे उतरतात, कुठली वाट पहिल्या पावसानंतर धोक्याची होते, हे ठाऊक असते, आणि या माहितीला आज एक रुपयाही मिळत नाही. दरवर्षी येणारे कुटुंब हेच या ज्ञानाचे पहिले गिऱ्हाईक होऊ शकते, कारण त्याची ओळख जुनी आहे आणि विश्वास जमलेला आहे. अर्ध्या दिवसाच्या वाटाड्याला घोड्याच्या फेरीइतके पैसे द्यावेत, घासाघीस न करता द्यावेत. पायथ्याच्या वाड्यांतून भाजी, दूध डोक्यावर घेऊन वर येणाऱ्या बायकांकडून थेट खरेदी करावी. मात्र त्यांच्या वाड्यांत कॅमेरे घेऊन शिरणे हा माझ्या मते सहलीचा भाग असू नये. बोलावल्याशिवाय कोणाच्या अंगणात जायचे नाही, हा नियम डोंगरावरही लागू आहे.

वाटाड्या हवाच, याचे आणखी एक कारण सुरक्षिततेचे आहे. याच रांगेतल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री डोंगर कोसळला. तिथली माणसे पिढ्यान् पिढ्या डोंगरात राहत होती, तरी त्यांना तो कळला नाही. मग दोन दिवसांच्या पाहुण्याने पावसात अनोळखी घळीत उतरण्याचे धाडस करू नये. याबाबत नॉर्वेकडून शिकता येते. तिथे डोंगरात किंवा समुद्रकाठी सुट्टीची चार लाखांहून अधिक छोटी घरे आहेत. तिथे डोंगरात जाणाऱ्यांसाठी जे नियम रूढ आहेत त्यातला एक असा, की वेळीच मागे फिरण्यात लाज नाही. त्या घरांमध्ये आणखी एक पद्धत असते. प्रत्येक मुक्कामाची नोंद करण्यासाठी एक वही ठेवलेली असते: कोण आले, बर्फ किती होता, कुठला पक्षी दिसला, कुठे वाट बंद होती. तीस वर्षांपूर्वी आजोबांनी काय पाहिले ते नातवाला त्याच खोलीत वाचता येते.

आपल्याकडे स्वतःची घरे नाहीत, भाड्याच्या खोल्या आहेत. तरी ही वही माथेरानच्या खाणावळीत आणि लॉजमध्ये सहज ठेवता येईल. मालक तोच, पाहुणे बहुतांशी तेच. तारीख, पाऊस, फूल, पक्षी, वाटाड्याचे नाव आणि त्याचा दर, एवढे रकाने पुरेत. कुटुंबाने आपली वेगळी वही ठेवली तर उत्तमच, आणि ती लिहायचे काम घरातल्या सर्वांत लहान शाळकरी मुलाकडे द्यावे. सरकारी बाजूने मागणीही फार मोठी नाही. दस्तुरी नाक्यावर प्रत्येक प्रवाशाकडून प्रवेशकर घेतला जातो. त्या पावतीच्या पाठीमागे पॉइंटांच्या नकाशाऐवजी त्या महिन्याची माहिती छापता येईल: सध्या काय फुलले आहे, कुठली वाट बंद आहे, भाई कोतवालांचे स्मारक कुठे आहे, मान्यताप्राप्त वाटाडे कुठे भेटतील. मराठी आणि हिंदीबरोबर ती सिंधीतही असावी, कारण उल्हासनगरहून वर जाणाऱ्यांत सिंधी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या आहेत. नगरपरिषदेने हे पुढच्या मेपर्यंत वाट न पाहता येत्या पावसाळ्यापासून सुरू करावे. बंद वाटांची माहिती लोकांच्या हातात पडण्याची गरज सर्वांत जास्त तेव्हाच असते.